तरंगत्या पवनचक्कीला जास्त त्रास कोणाचा, वाऱ्याचा की लाटांचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे की समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्कीवर वरून वारा आणि खालून लाटा असा दुहेरी मारा चालू असतो, मग ती उलटत कशी नाही, दोघांपैकी जास्त त्रास कोणाचा, आणि एवढी हलत असेल तर वीज नीट मिळते का. मी पंधराएक वर्षं याच कामात आहे, बराचसा वेळ कॉम्प्युटरवर लोड, म्हणजे कुठल्या भागावर किती जोर येतो ते, काढण्यात जातो आणि मधेमधे लाटांच्या टाकीत मॉडेल टेस्टिंग, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

उलटण्याचं पहिल्यांदा उरकतो कारण तो भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. उभं राहायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली स्पार, म्हणजे पाण्यात उभा बुडवलेला लांबलचक सिलिंडर, तळाशी भरपूर जड बॅलास्ट, म्हणजे भरलेलं वजन, ती लहान मुलांची बुडाला वजन असलेली बाहुली असते ना, कितीही ढकला परत उभी, तसंच. स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर २०१७ पासून चालू असलेल्या हायविंड स्कॉटलंड या प्रकल्पातल्या ६ मेगावॅटच्या पाचही टर्बाइन अशा आहेत, पाण्याखाली साधारण ७८ मीटर. दुसरी सेमी-सबमर्सिबल, तीन किंवा चार जाडजूड कॉलम एकमेकांपासून लांब ठेवून जोडलेले, म्हणजे पाय फाकवून उभं राहणं, एका बाजूला कललं की त्या बाजूचा कॉलम जास्त बुडतो आणि पाणी त्याला वर ढकलतं. पोर्तुगालचा विंडफ्लोट अटलांटिक हा असा, ८.४ मेगावॅटच्या तीन टर्बाइन. तिसरी टीएलपी, म्हणजे टेन्शन लेग प्लॅटफॉर्म, यात तळ, म्हणजे टर्बाइनखालचा तरंगता भाग, मुद्दाम जास्त तरंगणारा करतात आणि समुद्रतळातून ताणलेल्या दोऱ्यांनी त्याला खाली ओढून धरतात, फ्रान्सच्या प्रोव्हाँस ग्रँड लार्जमध्ये अशा आहेत. बार्ज म्हणून चौथा, पसरट प्रकार आहे, त्याची गोष्ट पुढे येईल.

आता यांना ढकलणारा जोर किती? १५ मेगावॅटची जी रेफरन्स टर्बाइन आम्ही सगळे अभ्यासाला वापरतो तिचा रोटर, म्हणजे पात्यांचं फिरतं चाक, २४० मीटर व्यासाचा, हब, म्हणजे त्या चाकाचा मध्य, पाण्यापासून १५० मीटर वर, आणि वाऱ्याचा जोर, ज्याला थ्रस्ट म्हणतो, जास्तीत जास्त अडीचशे टनांच्या आसपास. म्हणजे दीडशे मीटर उंचीवर अडीचशे टनांनी कोणीतरी सतत आडवं ढकलतंय असं समजा. तरी ती चार-पाच अंश कलते आणि तिथेच थांबते, कारण तळाचा आकारच तेवढं सहन करायला ठरवलेला असतो. सेमीमध्ये काही ठिकाणी एका कॉलममधलं पाणी पंपाने दुसऱ्यात नेऊन हा कल सरळ करतात, पण हे मिनिटांच्या हिशोबाने चालणारं काम आहे, लाटेला तोंड द्यायला पंपाचा काही उपयोग नाही, हा गैरसमज मी खूप जणांचा पाहिलाय.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. जोर सगळ्यात जास्त वादळात नसतो, तो असतो साधारण ११ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला, म्हणजे टर्बाइन पहिल्यांदा पूर्ण क्षमतेला पोचते तेव्हा. त्याच्या वर वारा वाढला की पाती आपला कोन बदलून जास्तीचा वारा सोडून देतात, पॉवर तेवढीच राहते आणि थ्रस्ट कमी कमी होत जातो. २५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास तर टर्बाइन बंदच करतात. हे डोक्यात ठेवा, पुढे सगळी भानगड याच्यातूनच निघते.

मग खरा त्रास कशाचा? माझं उत्तर आहे, वेळेचा. जोर किती यापेक्षा तो दर किती सेकंदांनी येतो याला महत्त्व आहे. झोक्यावर बसलेल्याला ढकलताना बघा, जोर लावून कधीही ढकललं तर काही होत नाही पण झोका परत येईल त्या वेळेला नुसतं बोट लावत राहिलं तरी तो आकाशाला भिडतो. तरंगत्या तळाचे असे सहा झोके असतात: पुढेमागे सरकणं, डावीउजवीकडे सरकणं, वरखाली होणं, पुढेमागे डुलणं, बाजूला डुलणं आणि स्वतःभोवती वळणं. प्रत्येकाचा आपापला ठरलेला वेळ, एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणारे सेकंद, आम्ही त्याला पिरियड म्हणतो.

समुद्राच्या लाटा ढोबळमानाने ५ ते २० सेकंदांच्या असतात. म्हणून डिझायनरचं पहिलं काम, तळाचा एकही मोठा झोका या पट्ट्यात येऊ द्यायचा नाही. स्पार आणि सेमीवाले वरून पळतात: डुलण्याचा पिरियड २५-३० सेकंद, आणि मूरिंगच्या, म्हणजे तळाला समुद्रतळाशी बांधून ठेवणाऱ्या, साखळ्या सैल असल्यामुळे पुढेमागे सरकण्याचा तर शंभर सेकंदांच्याही वर. टीएलपीवाले खालून पळतात, दोऱ्या इतक्या ताणलेल्या की वरखाली आणि डुलण्याचा पिरियड ४ सेकंदांच्याही खाली. बार्ज मात्र पसरट आणि कमी बुडालेला असतो, त्याचे झोके लाटांच्या पट्ट्यात किंवा अगदी कडेला येतात, म्हणून बिचारा लाटेबरोबर जातो. आयडिओल या कंपनीच्या बार्जमध्ये मधोमध चौकोनी भोक ठेवलंय, त्यातलं पाणी उलट्या लयीत हलून डुलणं कमी करतं, २०१८ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर २ मेगावॅटची फ्लोटजेन त्याच्यावर चालली. मला ती कल्पना आवडते, पाण्याचा त्रास पाण्यानेच कमी केला.

लाट खोलवर किती पोचते हेही वेळेवरच अवलंबून आहे. खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची असेल तर सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणा. म्हणजे १० सेकंदांची लाट १५६ मीटर लांब. आणि लांबीच्या निम्म्या खोलीवर गेलं की पाण्याची हालचाल पृष्ठभागाच्या ४ टक्केच उरते. १५६ चं निम्मं किती, ७८. म्हणजे हायविंड स्कॉटलंडचा स्पार जिथे संपतो तिथे १० सेकंदांची लाट जवळजवळ मेलेली असते, वरच्या दहावीस मीटरलाच काय ते धक्के, आणि तिथे तर सिलिंडर मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. पण लांबून आलेली १५ सेकंदांची स्वेल साडेतीनशे मीटर लांब असते, ती मात्र स्पारच्या पार बुडापर्यंत पोचते. म्हणून "लाट किती उंच" एवढंच विचारून भागत नाही, उंची आणि सेकंद अशी जोडी सांगा मगच पुढे बोलू.

सेमीचं यात अजून एक वेगळंच. दोन कॉलममधलं अंतर लाटेच्या निम्म्या लांबीएवढं झालं की एका कॉलमखाली लाटेचा माथा असतो तेव्हा दुसऱ्याखाली दरी, एक वर जातोय आणि दुसरा खाली, सगळा जोर जोडणाऱ्या पाइपांवर. कॉलममध्ये ९० मीटर अंतर असेल तर हे घडतं १८० मीटर लांबीच्या, म्हणजे पावणेअकरा सेकंदांच्या लाटेला, आणि अशी लाट अगदी रोजची आहे, वादळ वगैरे काही लागत नाही. वेल्डिंगचे जोड थकतात ते असल्या साध्या दिवसांनी.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात मग झालं की, लाटा ५ ते २० मध्ये, आपण २५ च्या वर, सुटलो. नाही सुटलो. दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, लाटा एकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. समुद्रात एकाच वेळी ९ सेकंदांची, १० सेकंदांची, ११ सेकंदांची अशा असंख्य लाटा मिसळलेल्या असतात आणि त्यामुळे मोठ्या लाटांचा एक घोळका, मग जरा शांत, परत घोळका असं चालतं. प्रत्येक लाट तळाला नुसती हलवत नाही, थोडंसं पुढे लोटतेही, आणि हे लोटणं लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे घोळका आला की लोटणं जास्त, शांत झालं की कमी. या घोळक्यांचा वेळ असतो मिनिट-दीड मिनिट, कधी अर्धा मिनिट. आता आठवा, सरकण्याचा पिरियड शंभर सेकंद, डुलण्याचा तीस. बरोबर तिथेच येऊन बसतं. जोर बारीक असतो, मूळ लाटेच्या जोराच्या मानाने किरकोळ, पण झोका अगदी वेळेवर ढकलला जातो आणि पाण्यात इतक्या हळू हालचालीला अडवणारं फारसं काही नसतं, त्यामुळे तळ दहा-वीस मीटर सावकाश पुढेमागे फिरत बसतो. टीएलपीला उलटं होतं, तिथे दोन लाटांच्या फ्रिक्वेन्सींची बेरीज होऊन ३-४ सेकंदांचे बारीक धक्के लागतात आणि दोऱ्या तारेसारख्या थरथरतात, म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

आणि वाऱ्याचंही बघा, वाऱ्याच्या झुळका म्हणजे सेकंदासेकंदाला बदलणारं काहीतरी असं आपल्याला वाटतं पण वाऱ्यातली जास्त ताकद सावकाश बदलांत असते, अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटं. म्हणजे तोही त्याच सावकाश झोक्यांवर येऊन बसतो. लाटांपासून वाचायला आपण जिथे पळालो तिथे वारा आधीच दबा धरून बसलाय. आमच्या धंद्यात नवीन आलेला माणूस जमिनीवरच्या सवयीने १० मिनिटांचं सिम्युलेशन चालवतो आणि रिझल्ट छान आले म्हणून खूश होतो, मीही झालो होतो. शंभर सेकंदांचा झोका १० मिनिटांत सहाच वेळा होतो, त्यातून सगळ्यात मोठा हेलकावा कुठला काढणार? त्यात पहिले काही हेलकावे सुरुवातीच्या धक्क्याचे म्हणून टाकूनच द्यायचे असतात. तरंगत्याला निदान तासाभराचं सिम्युलेशन, वादळाचं असेल तर ३ तासांचं, आणि तेही वेगवेगळ्या वाऱ्या-लाटांच्या नमुन्यांवर परत परत, तेव्हा कुठे आकडा विश्वासाचा होतो.

दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं कारण त्यात दोष निसर्गाचा नाहीच, आपला आहे. वारा तळाला ढकलतो तसा तो ब्रेकही लावतो. रोटर वाऱ्याच्या समोर पुढे डुलला की पात्यांना समोरून जास्त वारा लागतो, जोर वाढतो आणि डुलणं अडतं, मागे गेला की जोर कमी होतो, परत डुलणं अडतं. २४० मीटर व्यासाची छत्री उघडून धरल्यासारखं, फार चांगला ब्रेक आहे तो, फुकटचा. पण हे कधीपर्यंत, तर कमी वाऱ्यात, जोवर पाती आपला कोन बदलत नाहीत तोवर.

वारा वाढून टर्बाइन पूर्ण क्षमतेला पोचली की पात्यांचा कोन बदलणारा कंट्रोलर जागा होतो. त्याला एकच गोष्ट माहिती, रोटरचा वेग आणि पॉवर ठरलेल्या आकड्यावर ठेवायची. आता तळ पुढे डुलला, पात्यांना जास्त वारा लागला, कंट्रोलरला वाटलं वाराच वाढला, त्याने पाती वळवली, थ्रस्ट कमी झाला. म्हणजे रोटर पुढे येत असताना त्याला अडवणारा जोर आपण स्वतःच काढून घेतला. मागे जाताना उलटं, वारा कमी झाला असं समजून पाती परत वळवली, थ्रस्ट वाढला आणि मागे जाणाऱ्याला अजून मागे ढकललं. ब्रेक होता त्याचा अ‍ॅक्सिलरेटर झाला. याला निगेटिव्ह डॅम्पिंग म्हणतात, आणि लाट नसलेल्या शांत समुद्रातसुद्धा टर्बाइन आपली आपण डुलायला लागते.

माझ्या पहिल्याच प्रोजेक्टमध्ये मी यात अडकलो होतो. १८ मीटर प्रति सेकंद वारा, लाटा अगदी मवाळ, आणि सिम्युलेशनमध्ये डुलणं वाढतच चाललंय. दोन आठवडे मी लाटांचं गणित उकरत बसलो, तळावरचं ड्रॅग, म्हणजे पाण्याचा अडथळा, तपासलं, मूरिंगची कडकपणाची मूल्यं तीन वेळा काढली, शेवटी एका सीनियर बाईंनी मागे उभं राहून एवढंच विचारलं की लाटा बंद करून बघितलंस का? बंद केल्या, तरी डुलतंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी. जमिनीवरच्या टर्बाइनचा कंट्रोलर जसाच्या तसा आणून तरंगत्यावर बसवला होता, बाकी काही नाही.

उपाय कळायला सोपा आहे पण त्याची किंमत मोजावी लागते. कंट्रोलरला मंद करायचं, तळाच्या डुलण्यापेक्षाही मंद, म्हणजे डुलण्याला तो प्रतिसादच देणार नाही. ५ मेगावॅटच्या रेफरन्स टर्बाइनमध्ये जमिनीवर कंट्रोलरची फ्रिक्वेन्सी ०.६ रेडियन प्रति सेकंद ठेवली होती, म्हणजे साधारण साडेदहा सेकंदांचा पिरियड, तीच स्पारवर बसवताना ०.२ वर आणली, म्हणजे एकतीस सेकंदांचा. पण मंद कंट्रोलर खऱ्या झुळकेलाही उशिरा पोचतो, मग रोटरचा वेग वरखाली होतो, पॉवर जरा हलते. दुसरा रस्ता असा की नॅसेलवर, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्राच्या पेटीवर, सेन्सर लावून तळ किती वेगाने डुलतोय ते मोजायचं आणि कंट्रोलरला सांगायचं की बाबा, हा वारा वाढला नाहीये, आपणच पुढे गेलोय. आजकाल दोन्हीचं मिश्रण करतात. थोडं डुलू द्यायचं की थोडी पॉवर हलू द्यायची, याची ओढाताण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असते आणि कंट्रोलवाले आणि स्ट्रक्चरवाले यांची भांडणं मी डोळ्यांनी पाहिलीयेत.

बोलण्यातला एक घोटाळाही सांगून टाकतो, तळाच्या पुढेमागे डुलण्यालाही पीच म्हणतात आणि पात्यांचा कोन बदलण्यालाही पीच म्हणतात. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं "पीच वाढलंय" की आधी विचारा कशाचं.

आता डुलण्याचा पॉवरवर परिणाम किती, याचं कागदावर करता येईल असं गणित करू. समजा तळ २ अंश पुढे २ अंश मागे डुलतोय, २८ सेकंदांत एक फेरी. दीडशे मीटर उंचीवर हे झालं सव्वापाच मीटर पुढे आणि तेवढंच मागे, आणि वेग भरतो जास्तीत जास्त १.२ मीटर प्रति सेकंदाच्या जरा खाली. बाहेर वारा १० चा असेल तर पात्यांना तो कधी ११.२ तर कधी ८.८ चा दिसणार. पूर्ण क्षमतेच्या खाली पॉवर वाऱ्याच्या घनाने बदलते, म्हणजे कागदावर ती कधी दीडपटीच्या जरा खाली जाते (तिथे कंट्रोलर ती कापतो) तर कधी दोन तृतीयांशावर येते. ऐकायला भयंकर वाटतं, पण प्रत्यक्षात रोटर इतका जड आहे की बरंचसं तो स्वतःतच सामावून घेतो, अनेक टर्बाइन एकाच लयीत डुलत नाहीत म्हणून केबलवर अजून सपाट होतं, आणि २ अंश हे नेहमीचं नाही, बऱ्यापैकी खराब दिवसाचं आहे. सरासरी वीज जवळजवळ तेवढीच मिळते. पाच अंश कललेली राहिल्यामुळे रोटर वाऱ्याला सरळ भिडत नाही, त्यात जातो १ टक्क्याच्या आसपास. हायविंड स्कॉटलंडने पहिल्या पाच वर्षांत सरासरी ५४ टक्के कपॅसिटी फॅक्टर दिला, म्हणजे सगळा वेळ पूर्ण क्षमतेने चालल्या असत्या तर मिळाली असती त्याच्या ५४ टक्के वीज, जमिनीवरच्या भल्याभल्यांना जमत नाही ते. वीज कमी मिळेल ही भीती डोक्यातून काढा, जायचं ते लोखंडातून जातं.

कसं, ते पण आकड्यात बघू. लाटेमुळे तळ १० सेकंदांच्या लयीत नुसता १ अंश डुलला, तर हबच्या उंचीवर २.६ मीटर इकडेतिकडे आणि त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या एक दशांश. नॅसेल आणि रोटरचं वजन मिळून हजार टन धरा. हजार टनांना असं हलवायचं म्हणजे शंभर टनांचा जोर एकदा पुढे, पाच सेकंदांनी मागे, परत पुढे. दिवसाला ८,६४० वेळा. वर पाच अंश कललेलं असलं की त्याच हजार टनांतले सत्त्याऐंशी टन आडवे ओढायला लागतात. म्हणून टॉवरच्या बुडाशी लाटांचा वाटा मोठा असतो आणि पात्यांच्या बुडाशी वाऱ्याचा. कोण जास्त त्रास देतं याचं सरळ उत्तर हवं असेल तर हे घ्या: पात्यांना वारा, टॉवरच्या पायथ्याला आणि तळाच्या जोडांना लाटा, मूरिंगला दोघे मिळून.

टॉवरवरून आठवलं. जमिनीत गाडलेला टॉवर आणि तरंगत्यावर बसवलेला टॉवर हुबेहूब सारखे असले तरी थरथरतात वेगळे. पट्टी एका टोकाला टेबलावर घट्ट दाबून छेडा आणि तीच पट्टी दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधे हलकी धरून छेडा, दुसरी जास्त वेगाने थरथरते. तरंगत्यावर टॉवरचं बूड मोकळं असतं म्हणून फ्रिक्वेन्सी वर सरकते आणि नेमकी तीन पात्यांच्या फेऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसू शकते. १५ मेगावॅटवाली मिनिटाला ७.५६ फेरे घेते, तीन पाती म्हणजे दर २.६ सेकंदांनी एक पातं टॉवरसमोरून जातं. त्यापासून वाचायला टॉवर जाड आणि ताठ करावा लागतो, वजन वाढतं, वजन वर वाढलं म्हणजे तळ मोठा, असं एकातून एक निघत जातं.

वारा आणि लाटा एकाच दिशेने आल्या तर वर सांगितलेला छत्रीचा ब्रेक कामाला येतो. पण समुद्र असा शहाणा नसतो. दूर कुठेतरी झालेल्या वादळाची स्वेल दोन दिवसांनी तुमच्याकडे पोचते आणि तोवर इथला वारा भलत्याच दिशेने वाहत असतो. रोटर वाऱ्याकडे तोंड करून उभा, लाट बाजूने येतेय, आणि बाजूने डुलण्याला हवेचा ब्रेक जवळजवळ शून्य. त्या दिवशी लाटा जेमतेम अडीच मीटरच्या असतील, वारा मध्यम, किनाऱ्यावरून बघणाऱ्याला छान दिवस वाटेल, आणि टॉवरची थकवणूक मोजली तर महिन्याभरातल्या वाईट दिवसांत त्याचा नंबर लागतो. लोक मला वादळाचे फोटो दाखवून विचारतात, मी मात्र अशा दिवसांना जास्त घाबरतो.

वादळाचंही सांगतो, नाहीतर उत्तर अर्धवट वाटेल. वादळात पाती वाऱ्याला धार दाखवून उभी करतात, रोटर हळूहळू मोकळा फिरत राहतो, थ्रस्ट फारच कमी, म्हणजे ढकलणं गेलं पण ब्रेकही गेला, आता खेळ लाटांचा. हायविंडची पहिली २.३ मेगावॅटची चाचणी टर्बाइन नॉर्वेच्या कारमॉयजवळ २००९ मध्ये उभी केली, तिने १९ मीटर उंचीच्या लाटा सोसल्या. हायविंड स्कॉटलंडने सुरू झाल्याबरोबर २०१७ च्या डिसेंबरमध्ये कॅरोलाइन वादळ पाहिलं, ताशी १६० किलोमीटरच्या वर झोत आणि ८ मीटरच्या वर लाटा. डिझाइन करताना ५० वर्षांत एकदा येणारा समुद्र धरतात आणि त्यात साखळी तुटायला नको, केबल ताणायला नको आणि रोटर चुकीच्या दिशेला अडकलेला असतानाही हे सगळं टिकायला हवं असं बघतात. त्यातली केबल हा दुर्लक्षित विषय आहे, साखळीचं सगळे बोलतात पण तळापासून समुद्रतळापर्यंत लोंबणारी वीजवाहिनी दिवसरात्र वाकते, म्हणून तिला मधे तरंगणारे तुकडे लावून आळशी एस सारखी कमान देतात, तळ वीस मीटर सरकला तरी कमान उलगडते, केबल ताणत नाही.

हे सगळं आधी टाकीत छोटं मॉडेल करून तपासतात, पण तिथेही वारा आणि लाटा एकमेकांशी पटवून घेत नाहीत. १:५० चं मॉडेल केलं की लाटांच्या नियमाने वेळ सातपट लहान होतो आणि लाटा अगदी बरोबर वागतात, पण त्याच नियमाने पात्यांवरचा रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे हवा पात्यावरून कशी वाहणार ते ठरवणारा आकडा, साडेतीनशेपट कमी होतो, हवा पात्याला चिकटून वाहतच नाही आणि थ्रस्ट पडतो. खरी पाती लहान करून लावली तर वारा चुकीचा, म्हणून मग वेगळ्याच आकाराची रुंद पाती करतात, किंवा पाती काढून टाकून तिथे कॉम्प्युटरने चालवलेले पंखे किंवा दोऱ्या लावतात. आणि सॉफ्टवेअरवरही आंधळा विश्वास नको: ओसी५ नावाच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत बऱ्याच संस्थांनी एकाच सेमीचं गणित आपापल्या सॉफ्टवेअरने केलं आणि टाकीतल्या मोजमापांपेक्षा लोड सरासरीने २० टक्क्यांच्या आसपास कमी आले. मुख्य गुन्हेगार तेच, लाटांच्या घोळक्यांचं सावकाश लोटणं. तेव्हापासून कोणी मला नुसता सिम्युलेशनचा गुळगुळीत आलेख दाखवला की मी आधी कमी फ्रिक्वेन्सीचा कोपरा मोठा करून बघतो.

दुरुस्तीचा मुद्दा विचारलेला नाही तरी लाटांचाच आहे म्हणून थोडक्यात. मोठा पार्ट बदलायचा तर क्रेनचं जहाजही हलतंय आणि टर्बाइनही हलतेय, दीडशे मीटर वर दोन हलत्या गोष्टी मिलिमीटरमध्ये जुळवायच्या, म्हणून आतापर्यंत बहुतेक वेळा टर्बाइनच सोडवून बंदरात ओढत नेली आहे. स्कॉटलंडच्याच किनकार्डिन या तरंगत्या प्रकल्पाची एक २०२२ मध्ये रॉटरडॅमला नेली, हायविंड स्कॉटलंडच्या पाचही २०२४ मध्ये नॉर्वेला. साखळ्या आणि केबल सोडवणं, चांगल्या हवामानाची सलग खिडकी मिळणं, परत जोडणं, यात जाणारा वेळ हाच मोठा खर्च.

तुम्हाला स्वतः हात घालून बघायचं असेल तर ओपनफास्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्याबरोबर ५ मेगावॅटच्या स्पारचं आणि सेमीचं तयार मॉडेल मिळतं. लगेच वारा-लाटा एकत्र लावू नका. आधी दोन्ही बंद ठेवून तळ ५ अंश कलवून सोडा आणि हेलकावे किती सेकंदांचे आणि किती लवकर मरतात ते मोजा. मग लाटा बंदच ठेवून, स्थिर ८ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात तेच करा, मग १६ मीटर प्रति सेकंदात, एकदा जमिनीवरच्या कंट्रोलरने आणि एकदा मंद केलेल्या. चारही आलेख एकावर एक ठेवा. ८ चे हेलकावे पटकन मरतील, १६ ला जमिनीवरच्या कंट्रोलरचे मरणार नाहीत. ते दिसलं की मग लाटा चालू करा.